‘असूनही’ हा शब्द तेवढा काढा: आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

डेट्रॉइट परिसर, 10 जानेवारी 2009

अध्यक्ष, सचिव, सांस्कृतिक समिती आणि कार्यकारिणीतले सगळे,

सप्रेम नमस्कार.

तुमची ईमेल मंगळवारी आली. येत्या शनिवारी, 17 तारखेला, संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. त्यालाच जोडून यंदा ओबामांच्या शपथविधीचा आनंद साजरा करायचा, ढोल-ताशा लावायचा, बालविभागाने एक छोटा प्रवेश बसवायचा, असं त्यात लिहिलंय. वाचून बरं वाटलं. मी इथे आल्याला छत्तीस वर्षं झाली, पण आपल्या मंडळाने अमेरिकेच्या एकाही निवडणुकीची दखल घेतल्याचं मला आठवत नाही. 2000 साली फ्लोरिडात मतपत्रिका भिंगाखाली धरून मोजत होते, तेव्हा आपण दिवाळीच्या कार्यक्रमातल्या चिवड्यावरून भांडत होतो.

पण त्याच ईमेलमध्ये एक वाक्य आहे: ‘कृष्णवर्णीय असूनही जगातल्या सर्वोच्च पदावर पोचलेल्या बराक ओबामा यांचं हार्दिक अभिनंदन.’ आणि खाली पालकांना सूचना आहे, की ओबामांचं काम करणाऱ्या मुलासाठी काळा सूट, टाय आणि ‘चेहऱ्याला लावायला काजळ किंवा काळा रंग’ घेऊन यावं.

आधी फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही ‘हो काकू, बरोबर आहे काकू’ म्हणून मोकळे झाला असता, आणि मीही मोकळी झाले असते. म्हणून उघड लिहिते. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मंडळांत आपल्यासारखीच माणसं आहेत, त्यांनीही वाचावं. आणि यात मी बाजूला उभी राहून तुम्हाला सुनावतेय असं समजू नका. माझा हिशेब पुढे येईलच.

काजळाचं आधी. कुणाच्या मनात वाईट नाही हे मला कळतं. आपल्याकडे तोंडाला रंग फासला म्हणजे वेष झाला. मिरजेला शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी स्वतः कोळशाची पूड खोबरेल तेलात कालवून तोंडाला लावली होती आणि शबरी झाले होते. शबरी काळीच का असायला हवी, हा प्रश्न बाईंना पडला नाही, मलाही नाही. या देशात मात्र त्या रंगाला वेगळा इतिहास आहे. 1830 च्या सुमारास टॉमस राइस नावाचा एक गोरा नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटके कपडे घालून लंगडत नाचायचा. पात्राचं नाव जिम क्रो. लोक पोट धरून हसायचे. मग असल्या मंडळ्या गावोगाव निघाल्या आणि काळा माणूस म्हणजे आळशी, बावळट, दात दाखवणारा, हे चित्र त्यांनी पिढ्यान् पिढ्या विकलं. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांनी पुन्हा सगळं वेगळं केलं. गाडीत जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, शाळा वेगळी, दफनभूमीसुद्धा वेगळी. त्या कायद्यांना लोकांच्या तोंडी जे नाव बसलं ते याच नाचणाऱ्या पात्राचं, जिम क्रो. नाटकातला रंग धुऊन टाकता येतो. हा धुतला गेला नाही.

आपला ओबामा नऊ वर्षांचा आहे. मंगळवारी तो शाळेत जाईल, वर्गात टीव्हीवर शपथविधी दाखवतील, आणि कुणीतरी शनिवारचा फोटो बाईंना दाखवेल. त्या पोराला यातलं काही ठाऊक नसेल आणि शिक्षा मात्र त्याला होईल.

आता ‘असूनही’. हा शब्द आपण कुठे वापरतो बघा. पाऊस असूनही सहल झाली. ताप असूनही पेपर दिला. म्हणजे वाटेत काहीतरी आडवं आलं, ते ओलांडून काम झालं. ओबामांच्या वाटेत त्यांची कातडी आडवी आली नव्हती. ती कातडी बघून आडवे येणारे कायदे, बँका, शेरीफ आणि शाळा आडव्या आल्या, त्यांच्या नाही तर त्यांच्या आधीच्या दहा पिढ्यांच्या. त्यांचा जन्म 1961 चा. काळा बाप आणि गोरी आई यांचं लग्न तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता, आणि 1967 साली सुप्रीम कोर्टाने ते कायदे मोडीत काढले तेव्हाही सोळा राज्यांत शिल्लक होता. खटला व्हर्जिनियाचा होता. त्याच व्हर्जिनियाने नोव्हेंबरात ओबामांना मत दिलं. असं असताना ‘असूनही’ म्हटलं, की दोष रंगाच्या माथी बसतो आणि अडवणारे निसटतात. ‘मुलगी असूनही इंजिनिअर झाली’ हे मी माझ्या मुलीच्या बाबतीत ऐकलंय. ‘त्या समाजातला असूनही किती शुद्ध बोलतो’ हे आपल्याच एका पिकनिकला ऐकलंय. ज्याला म्हटलं तो तिथेच कणीस भाजत उभा होता.

मी आनंदावर विरजण घालायला बसलेली नाही. 4 नोव्हेंबरच्या रात्री मी एकटीच टीव्हीसमोर होते, आणि शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतले जुने पुढारी जेसी जॅक्सन बोट ओठांवर धरून रडताना दिसले तेव्हा मीही रडले. 1968 साली मेम्फिसला मार्टिन लूथर किंगना गोळी लागली तेव्हा हा माणूस त्याच मोटेलवर होता.

त्या दिवशी सकाळी मी माझ्या मैत्रिणीला आणि तिच्या आईला मतदान केंद्रावर घेऊन गेले होते, कारण मैत्रिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. डाउनटाउनमधल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आम्ही सव्वीस वर्षं शेजारी शेजारी बसून रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या. बर्फात गाडी घसरायला लागली की ब्रेकवरचा पाय काढायचा, हे मला तिने शिकवलं. तिची आई एक्याण्णव वर्षांची. त्या दिवशी म्हातारीने चर्चला घालायची जांभळी हॅट घातली होती, हातमोजे घातले होते, आणि रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसायला साफ नकार दिला होता. पन्नास मिनिटं उभी होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, माझ्या वडिलांना हे एकदाही करता आलं नाही. एवढंच. मग म्हणाली, भूक लागलीय.

ती अलाबामाच्या लाउंड्स काउंटीतली. 1965 साल उजाडलं तेव्हा त्या काउंटीतली पाचांतली चार माणसं काळी होती, आणि मतदारयादीत त्यांतला एकही नव्हता. एकही. नाव नोंदवायला गेलं तर परीक्षा घ्यायचे, परीक्षा घेणारा ठरवणार पास की नापास, आणि परत येताना मालकाने घर रिकामं करायला सांगितलेलं असायचं. ती 1943 मध्ये, लढाईच्या कारखान्यांत कामं निघाली तेव्हा, डेट्रॉइटला आली. या शतकात, म्हणजे गेल्या शतकात, अशी साठएक लाख माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. आपण ‘स्थलांतरित’ म्हटलं की फक्त स्वतःचाच पासपोर्ट डोळ्यांपुढे आणतो.

अलाबामात बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सही तशाच आल्या. भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये नेतो, ती बस दाखवतो, सीटवर बसवून फोटो काढतो. माझ्याकडेच असे चार फोटो आहेत. पण बसच्या पुढची गोष्ट आपण पाहुण्यांना सांगत नाही. त्यांची नोकरी गेली, धमक्या आल्या, आणि 1957 साली त्या डेट्रॉइटला आल्या. मरेपर्यंत, 2005 पर्यंत, याच शहरात राहिल्या. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना कधी बोलावलं? त्या आपल्या शेजारी होत्या हो. बघा, ‘शेजारी’ म्हणाले. शेजारी नव्हत्या. मधे एट माइल रोड होता, काळं शहर आणि आपली गोरी उपनगरं यांच्या मधला.

एट माइलबद्दल थोडं लांबण लावते. तुमच्यातले बरेच जण 1995 नंतर, सॉफ्टवेअरच्या लाटेत आलात. तुम्हाला तो नुसता रस्ता वाटतो, आणि त्यात तुमचा दोष नाही. रस्त्याच्या दक्षिणेला, वायोमिंग अव्हेन्यूच्या बाजूला, एक जुनी काळी वस्ती आहे. 1920 च्या दशकापासून लोकांनी तिथे तुकडा तुकडा जमीन घेऊन, पैसे येतील तशी एकेक खोली वाढवत घरं बांधली. 1941 मध्ये एका बिल्डरला तिच्या शेजारी गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. सरकारी गृहकर्जाची हमी मिळेना, कारण शेजारी काळी वस्ती म्हणजे नियमाप्रमाणे धोक्याची जागा. मग तोड निघाली. मधे भिंत घाला, हमी मिळेल. घातली. सहा फूट उंच, फूटभर जाड, जवळजवळ अर्धा मैल लांब.

ती अजून आहे. मैत्रिणीचं माहेर त्या भिंतीला लागून. मी ती पहिल्यांदा 1986 च्या उन्हाळ्यात पाहिली. मला वाटलं होतं विजापूरच्या तटासारखं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ती आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या कंपाउंडसारखी निघाली. माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, सिमेंटचे पोपडे सुटलेले, एका बाजूला कपडे वाळत घातलेले. मैत्रीण म्हणाली, लहानपणी आम्ही हिच्यावरून तोल सांभाळत पळायचो. पलीकडे कोण राहायचं, विचारलं. आधी गोरे होते, म्हणाली, पुढे तेही गेले आणि दोन्हीकडे आम्हीच राहिलो. कुणाला कुणापासून वेगळं करायचं ते विसरून भिंत आपली उभी. दोन-तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या लोकांनी मैदानाजवळच्या तुकड्यावर रंगीबेरंगी चित्रं काढली. परवा मी पुन्हा जाऊन आले. चित्रांवर बर्फ साचलं होतं.

मैत्रिणीचे वडील महायुद्धात होते, युरोपात ट्रक चालवायचे. परत आलेल्या सैनिकांना स्वस्त गृहकर्ज होतं. कागदावर त्यांनाही होतं. बँकेत गेले की काळ्या वस्त्यांना कर्ज नको म्हणून नकाशावर मारलेली लाल रेघ पुढे यायची. शेवटपर्यंत ते स्वतःच्या हाताने बांधलेल्या तीन खोल्यांत राहिले. आणि आमचं ऐका. हे 1969 मध्ये मोटारीच्या कंपनीत लागले, मी 1972 मध्ये आले. 1976 साली आम्ही घर बघायला लागलो, तेव्हा एजंटाने गाडी एट माइलच्या दक्षिणेला वळवलीच नाही. तिकडच्या शाळा ‘बदलतायत’ म्हणाला. त्या शब्दाचा अर्थ आम्हाला कळला, आणि आम्ही कळला नाही असं दाखवलं. कर्ज तीन आठवड्यांत मंजूर झालं. सात वर्षं नोकरी केलेल्या परदेशी माणसाला बँकेने खुर्ची दिली, कॉफी दिली. त्याच्या दोन वर्षं आधी सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइटच्याच खटल्यात निकाल दिला होता, की शहरातली आणि उपनगरातली मुलं एकत्र शिकवायची सक्ती उपनगरांवर करता येणार नाही. आपण ज्या ‘चांगल्या शाळा’ बघून घरं घेतली त्यांच्या पायात हा निकाल आहे.

त्या दिवशी भिंतीपाशी मला खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. मला भिंतीचं नवल वाटलं नाही. माझं आजोळ कृष्णाकाठचं. तिथलं गावकूस माझ्या आईच्या लहानपणीच ढासळलं होतं, दगड लोकांनी गोठ्यांना नेले होते. पण ते कुठून कुठवर होतं हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. त्या नसलेल्या भिंतीपलीकडे महारवाडा. वळवाचा पाऊस आला तरी पलीकडचं माणूस अलीकडच्या पडवीत आडोशाला यायचं नाही. आमच्या मागच्या दाराशी, वळचणीला, कान तुटलेला एक कप उपडा घालून ठेवलेला असायचा. चहा वरून ओतायचा, प्यायचा, पिणाऱ्यानेच विसळून पुन्हा उपडा घालायचा.

आता माझा हिशेब. 1981 साली सासूबाई इथे आल्या होत्या. एक दिवस मैत्रीण मला घरी सोडायला आली, मी तिला आत बोलावलं, चहा केला, चकली दिली. ती गेल्यावर बघते तर तिचा कप सिंकमध्ये नव्हता. सासूबाईंनी तो खिडकीच्या कट्ट्यावर, कुंडीशेजारी, उपडा घालून ठेवला होता. निळ्या फुलांचा, सहा कपांच्या सेटमधला, कान शाबूत. मी बघितलं. त्यांनी मी बघताना बघितलं. आणि मी काही बोलले नाही. त्या झोपल्यावर मी कप धुतला, सेटमध्ये ठेवला, आणि हे मोठं बंड केलं असं मनाशी म्हणाले. सव्वीस वर्षांत मी तिच्या घरी किती वेळा जेवले याची गणती नाही. आपल्या गणपतीला तिला एकदाही बोलावलं नाही. लोक काय म्हणतील, तिला अवघडल्यासारखं होईल, अशी कारणं होती. तिला होईल म्हणायचे, होणार होतं मला.

कारण आपल्यात बोलतात कसं ते मला माहीत होतं. हिंदीतून उचललेलं ‘कल्लू’. पोरं मोठी झाल्यावर ‘बाकी कुणाशीही कर गं, पण’ असं अर्धंच सोडलेलं वाक्य. शहरातल्या वूडवर्ड रस्त्यावरून जाताना सिग्नलला गाडी थांबली की दारं लॉक झाल्याचा खट्‌ आवाज. 1967 च्या जुलैत इथे पाच दिवस जे पेटलं, त्रेचाळीस माणसं मेली, त्याला आपण न बघता ‘दंगल’ म्हणतो. मैत्रीण त्याला उठाव म्हणते. मी एकदा वाद घातला तिच्याशी. नंतर आठवलं, साहेबाने 1857 ला शिपायांचं बंड म्हटलं तेव्हा आपल्याला किती राग येतो.

आणि पॉटलकला हमखास निघणारं ते वाक्य: ‘आम्ही आठ डॉलर खिशात घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो. यांना कुणी अडवलंय?’

आठ डॉलर होते, खरंय. आमच्या ह्यांच्याही खिशात तेवढेच होते. पण पुण्याच्या सरकारी कॉलेजातली इंजिनिअरिंगची पदवीही होती, नाममात्र फीमध्ये मिळालेली, म्हणजे भारतातल्या शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या करातून. अमेरिकेने आपल्याला दारातच चाळून घेतलं, डॉक्टर आत, इंजिनिअर आत. चाळलेलं पीठ आता म्हणतं, बघा मी किती मऊ.

ते दार तरी कुणी उघडलं? 1946 पासून भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना इथे कायमचं येता यायचं. शंभर! आपल्या हळदीकुंकवाला त्याहून जास्त बायका असतात. त्याच्याही आधी, 1923 मध्ये, भगतसिंग थिंड नावाच्या एका माणसाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात नोकरी केलेला, पगडीवाला. नागरिकत्व मिळायला तेव्हा गोरा असावं लागे, किंवा आफ्रिकी वंशाचा. त्याच्या बाजूने काय मांडलं गेलं ते मुळातून वाचा. मी आर्य आहे, उच्च जातीचा आहे, इथला गोरा काळ्यांशी सोयरीक करायला जसा नाक मुरडतो तसेच आम्ही उच्च जातीचे लोक आमच्याकडच्या आदिवासींशी करायला मुरडतो. म्हणजे मी तुमच्यातलाच. कोर्टाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही. नागरिकत्व गेलं, आणि त्याच्याबरोबर आधी नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचंही काढून घेतलं. जातीचं सर्टिफिकेट पॅसिफिक ओलांडून आणलं होतं, इथे चाललं नाही. मला त्या माणसाची कीवही येते आणि रागही येतो. काय करावं, त्याच्या जागी माझे आजोबा असते तर त्यांनीही हेच मांडलं असतं.

मग 1965. 7 मार्चला अलाबामात सेल्मा गावाच्या पुलावर, मताचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी लाठ्या आणि घोडे घातले. जॉन लुइस या पंचवीस वर्षांच्या पोराची कवटी फुटली. 20 तारखेला शपथविधीच्या वेळी तो खासदार म्हणून व्यासपीठाजवळ बसलेला दिसेल. ते टीव्हीवर बघून आपल्या डेट्रॉइटमधली एक गोरी गृहिणी, पाच मुलांची आई, गाडी घेऊन एकटी तिकडे गेली. व्हायोला लिउझो. मोर्चातल्या लोकांना गाडीतून ने-आण करायची. 25 मार्चच्या रात्री कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीतल्या लोकांनी तिला हायवेवर गोळ्या घातल्या. कुठे? लाउंड्स काउंटीत, मैत्रिणीच्या आईच्या माहेरी. 6 ऑगस्टला मतदानहक्काचा कायदा झाला. आणि 3 ऑक्टोबरला, दोन महिनेही झाले नव्हते, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आणखी एका कायद्यावर सही केली: कोणत्या देशातून आलात यावरून इथे येणाऱ्यांना अडवणारा जुना कोटा रद्द. ज्या देशाने घरातल्या माणसांना वंशावरून वेगळं बसवायचं नाही असं लिहून दिलं, त्याला दारातल्या माणसाला वंशावरून परत पाठवणं अवघड झालं. तुमचे, माझे, सगळ्यांचे व्हिसा त्या सहीतून निघालेत. आपण आत आलो, खुर्ची ओढून बसलो, आणि दार उघडताना ज्यांची डोकी फुटली होती त्यांना बघून गाडीची दारं लॉक केली.

हे मी नवीन सांगत नाही. आपल्याकडच्याच माणसांना हे आपल्या कितीतरी आधी दिसलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा अर्पणपत्रिका काढली ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांच्या नावे, आणि माझ्या देशबांधवांनी यांचा कित्ता गिरवावा असं लिहिलं. पुण्यात बसून. आंबेडकर न्यूयॉर्कला शिकले, आणि 1946 मध्ये त्यांनी इथल्या काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांकडे तुम्ही जो अर्ज करताय त्याची प्रत मिळेल का, आमचे प्रश्न इतके सारखे आहेत. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. 1972 मध्ये, मी विमानात बसले त्याच वर्षी, मुंबईत पोरांनी संघटना काढली आणि नाव घेतलं दलित पँथर, इथल्या ब्लॅक पँथरवरून. मी त्या गदारोळातून उठून इथे आले आणि मला वाटत होतं की मी अमेरिकेत जातेय. आपल्या मंडळात शिवजयंती होते, गणपती होतो, पाडवा होतो. 14 एप्रिल कधी झाल्याचं मला आठवत नाही. हा विषय वेगळा आहे म्हणाल. मला तो वेगळा वाटत नाही, पण आज एवढ्यावर सोडते.

निवेदनात ‘आता अमेरिकेतला वर्णभेद संपला’ असं वाक्य येईल याची मला खात्री आहे. ते कृपा करून नको. शपथ जिथे होणार ती कॅपिटलची इमारत बांधताना गुलाम राबले, मजुरी त्यांच्या मालकांना मिळाली. मिशेल ओबामांच्या खापरपणजोबांचा जन्म दक्षिण कॅरोलिनात गुलामीतला. त्या घरातल्या दोन लहान मुली आता व्हाइट हाउसमध्ये झोपणार. मला हे फार मोठं वाटतं, रोज सकाळी उठून पुन्हा मोठं वाटतं. पण मैत्रिणीच्या माहेराला लागून असलेली ती बर्वुड रस्त्यामागची भिंत 20 तारखेनंतर 21 तारखेलाही तिथेच असेल. आणि सध्याचे दिवस बघा. डिसेंबरात सरकारने मोटार कंपन्यांना कर्ज दिलं, तरी निम्मी कार्यकारिणी रात्री नीट झोपत नाही हे मला माहीत आहे. 1982 मध्येही असेच दिवस होते. तेव्हा हायलँड पार्कमध्ये, जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात या रागात, व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या पोराला दोघांनी बॅटने जिवे मारलं. त्याचं लग्न ठरलं होतं. मारणाऱ्यांना तीन तीन हजार डॉलर दंड झाला, एक दिवसही तुरुंग नाही. तेव्हा महिनाभर आपण सगळे अंधार पडायच्या आत घरी येत होतो. मग विसरलो.

तर, शनिवारचं. ढोल जरूर वाजवा, मी पुढे बसून ऐकेन. संक्रांत हा आपला एकच सण असा, की त्या दिवशी काळ्या रंगाचं कौतुक होतं. वर्षभर ‘गोरी, सडपातळ’ अशा जाहिराती देणाऱ्या आपण त्या दिवशी चंद्रकळा शोधत फिरतो. यंदा किंक्रांत 15 तारखेला आहे, तोच मार्टिन लूथर किंग यांचा जन्मदिवस. योगायोग आहे, त्यात काही शोधू नका, पण निवेदन करणाऱ्याला एक ओळ मिळाली. ‘असूनही’ काढून टाका. ढोलाच्या आधी पाच मिनिटं मला द्या, मी व्हायोला लिउझो आणि लाउंड्स काउंटीबद्दल बोलेन. पाचाची सहा होणार नाहीत.

माझ्याबरोबर दोन पाहुण्या येणार आहेत, मैत्रीण आणि तिची आई. मी परवा आमंत्रण दिलं. मैत्रीण क्षणभर गप्प होती, मग म्हणाली, काय घालून यायचं असतं? म्हटलं, काळं. ती इतकी हसली की फोन खाली ठेवावा लागला. त्यांची तिकिटं माझ्या नावावर टाका. म्हातारीसाठी हातांची खुर्ची लागेल, हीटरजवळ, आणि जिन्याऐवजी मागच्या रॅम्पचं दार उघडं ठेवा. तिला मधुमेह आहे, तिळगूळ अर्धाच द्या. हळदीकुंकू विचारून लावा, ती नको म्हणणार नाही. आठ वर्षांपूर्वी हे गेल्यापासून ताट माझ्यासमोर आलं की हातात धरणारी बाई अर्धा क्षण थबकते, तसं तिच्यासमोर थबकू नका. तीही विधवाच आहे.

आणि त्या पोराच्या चेहऱ्याला काही लावू नका. त्याचा आहे तो रंग चांगला आहे. टाय नसेल तर ह्यांचा निळा माझ्याकडे आहे, घेऊन येते. लांब पडेल, पण दुहेरी गाठ मारली की बसेल.

तुमची,
मागच्या रांगेतली काकू